टेबलाची साखळी

माझ्या गाडीच्या डिकीत वर्षभर एक साखळी पडून होती. वळण आलं की ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जायची, खळ्ळ करून. पोस्टात माझ्यासोबत काम करणारी मार्गिता एकदा गाडीत बसली होती. ती म्हणाली, अगं अग्नेशा, मागे कैदी घेऊन फिरतेस की काय? मी म्हटलं, मागे कशाला, पुढेच बसलीये, गाडी चालवतेय. ती हसली. मला काही हसू आलं नाही. त्या साखळीचं करायचं काय होतं मी? फेकता येत नव्हती आणि घरातही नेता येत नव्हती.

साखळी आजोबांची. ते जंगलातून ओंडके ओढून आणायचे तेव्हाची, हाताच्या अंगठ्याएवढ्या जाड कड्यांची, टोकाला आकडा. वर्षभर ती गोठ्यात खिळ्याला टांगलेली असायची. चोवीस डिसेंबरला दुपारी घरात यायची, कोमट पाण्याने धुतली जायची आणि जेवणाच्या टेबलाच्या चारही पायांभोवती गुंडाळून आकडा लावला जायचा. टेबलाचे पाय एकत्र बांधले की घरची माणसं वर्षभर एकत्र राहतात, असं आमच्या ओराव्याच्या डोंगरात सगळेच मानतात. ब्रातिस्लाव्हाची, राजधानीतली शहाणी माणसं हसतात. हसू देत. त्यांच्या घरात कोण कोणाशी बोलतं ते मला ठाऊक आहे, त्यांची पत्रं माझ्याच हातून जातात.

दुसरा नियम त्याहून कडक. त्या संध्याकाळी एकदा टेबलाशी बसलं की जेवण संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. जो उठतो तो पुढच्या नाताळाला टेबलाशी नसतो. लहानपणी मी एकदा लघवी दाबून दोन तास बसले होते, आणि धाकट्या भावाने, वेंदोने, मुद्दाम माझ्यासमोर या पेल्यातून त्या पेल्यात पाणी ओतत बसण्याचा उद्योग केला होता. उठायची मुभा फक्त घरच्या बाईला, कारण चुलीवरचं भांडं कोणीतरी आणायला हवं. आमच्याकडे घरची बाई म्हणजे आई. तीही पटकन येऊन बसायची आणि टेबलाखाली साखळीवर पाय ठेवायची. लोखंडावर पाय ठेवला की वर्षभर गुडघे धरत नाहीत, म्हणायची. एक्याऐंशी वर्षांची झाली तरी गुडघे धरलेलेच आहेत, पण पाय ठेवायचं काही तिने सोडलं नाही.

आता गेल्या वर्षीचं सांगते.

गेल्या वर्षी चोवीसला सकाळपासून बर्फ होता. मी तेव्हा खाली शहरात राहायचे, फ्लॅटमध्ये, एकटी. नवऱ्याला सोडून मला अकरा वर्षं झालीत, त्याचं इथे काम नाही. दुपारी तीनला मी वर यायला निघाले आणि देवळीच्या वळणावर गाडी अशी रुतली की पुढे जाईना, मागे येईना. वेंदोला फोन केला. माझा भाऊ जंगलात घोड्याने लाकूड ओढायचं काम करायचा, आजोबांसारखंच. त्याची कामाची साखळी वर डोंगरातल्या पत्र्याच्या खोलीत होती. ती आणायला तासभर गेला असता. म्हणून त्याने काय करावं? आई मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकायला गेली तेवढ्यात टेबलाखाली शिरून नुकतीच बांधलेली साखळी सोडवली, घोडा घेतला आणि आला.

आला तो हसतच. म्हणाला, "ताई, पोस्टाची बाई आणि वेळेवर पोचली नाही. पार्सल परत पाठवू का?" मी म्हटलं, तोंड कमी चालव आणि घोडा जास्त. त्याने गाडी ओढून काढली, साखळी माझ्या डिकीत टाकली, कारण घोड्यावरून ती नेणं नको झालं होतं, आणि आम्ही घरी आलो. आई दारातच उभी. जेवायला बसायचा पहिला तारा उगवून गेला, सूप गार झालं, दोन्ही पोरं पन्नाशीला आली तरी अक्कल नाही. तिच्या तोंडाच्या पट्ट्याखालून आम्ही घाईघाईने आत शिरलो, हात धुतले आणि बसलो. आई, मी, वेंदो, त्याची बायको विएरा आणि त्यांची पोर तेरेझा.

प्रार्थना झाली. आईने मधात बोट बुडवून प्रत्येकाच्या कपाळावर क्रॉस काढला. आणि तेव्हा वेंदो माझ्याकडे वाकला आणि कानात म्हणाला, "साखळी तुझ्या डिकीतच राहिली."

टेबलावरचं कापड जमिनीपर्यंत लोंबत होतं. कोणाला दिसणार होतं? आता आणायची तर त्याला उठायला लागलं असतं, नाहीतर मला. आणि उठायचं नाही हा नियम. मी त्याच्या कानात म्हटलं, "राहू दे रे. टेबल काय पळून जाणारेय?" तो फसकन हसला, नाकातून. विएराने विचारलं काय झालं, तर म्हणाला, ताईला अळंबी घशात गेली. आम्ही दोघं सगळं जेवणभर पोरांसारखे हसत होतो. आईसुद्धा आमच्याकडे बघून गालात हसली होती, मला स्पष्ट आठवतंय.

सतरा फेब्रुवारीला जंगलात झाड पडलं आणि वेंदो गेला. सत्तेचाळीसचा होता. झाड खोडकिड्याने पोखरलेलं होतं, तो दुसऱ्याच झाडाचा ओंडका बांधत होता, त्याची पाठ तिकडे होती. यापुढे मला त्याबद्दल काही सांगायचं नाही.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई मला लहानपणापासून म्हणते. राहू दे रे. तीन शब्द. माणूस पुरला, त्याच्यावरची माती गोठली, मग वितळली, मग त्यावर विएराने फुलं लावली, आणि ते तीन शब्द माझ्या कानात होते तिथेच. मी शिकलेली बाई आहे. साखळीने झाडं थांबत नाहीत हे मला कळतं. पण कळणं वेगळं आणि वळणावर डिकीतून खळ्ळ आवाज येणं वेगळं.

मार्चमध्ये मी फ्लॅट बंद करून वर आईकडे राहायला आले. विएरा पोरीला घेऊन माहेरी गेली, शेजारच्या खोऱ्यात. तिला त्या घरात वेंदोचे बूट दारात बघवत नव्हते. आईने ते बूट कोणाला हलवू दिले नाहीत. तिचंही बरोबर आणि हिचंही बरोबर, आणि मधल्यामध्ये तेरेझा, अकरा वर्षांची, दोन्हीकडे गप्प.

आणि आईने हात काढून घेतला. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगू? पुरल्यानंतर आठव्या दिवशी शेजारची बाई तिचं तान्हं बाळ घेऊन आली, आईच्या मांडीवर द्यायला, तेवढंच मन रमेल म्हणून. आईने दोन्ही हात एप्रनखाली घातले. "नको," म्हणाली, "माझ्या हातून वाईट होतं." त्यानंतर तिने कणीक मळली नाही, कोंबडी बसवली नाही, रोप लावलं नाही. तिच्या हातची खसखशीची पोळी चर्चच्या जत्रेत पहिली संपायची, ती या वर्षी गेलीच नाही. कोणी विचारलं तर एवढंच, की वेंदोचं माझ्या हातून झालं.

गावाला कारण ठाऊक होतं, म्हणजे गावाने ते ठरवून टाकलं होतं. जेवणानंतर आई दर वर्षी प्रत्येकाच्या नावाने एक सफरचंद आडवं कापते. मधे चांदणी दिसली की वर्ष चांगलं. गेल्या वर्षी वेंदोचं सफरचंद कापलं तर आत काळं निघालं. आईने ते चटकन चुलीत टाकलं आणि दुसरं कापलं. तेरेझाने ते पाहिलं, तिने मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने तिच्या आईला, आणि मग काय, सगळ्या वाडीला. म्हणे, म्हातारीला वाटतं तिनेच सफरचंद वाईट कापलं. बायका येऊन तिला समजवायच्या, अहो हेर्मीनाबाई, सफरचंदाला कीड असते, त्यात तुमच्या हाताचा काय दोष? आई हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही.

मला खरं कारण ठाऊक होतं. तिच्या हाताचा काही संबंध नव्हता. सफरचंदाचा नव्हता. संबंध असलाच तर माझ्या जिभेचा होता. एक वाक्य बोलले असते तर तिचे हात एप्रनबाहेर आले असते. आणि मी काय केलं? वर्षभर तिला सफरचंदाचं वाटू दिलं. तिच्यासमोर बसून सूप प्यायले, तिचे पाय चोळले, तिला डॉक्टरकडे नेलं आणलं, त्याच गाडीतून, मागे साखळी वाजत असताना. एकदा तिने विचारलंही, काय वाजतंय गं मागे? मी म्हटलं, जॅक आहे. माझी लाज मला अजून वाटते.

या वर्षी वीस तारखेला बर्फ सुरू झाला तो थांबेचना. एकवीसला वाडीची बस बंद झाली. बावीसला मी तीनदा अंगण खोदलं आणि तीनदा ते भरलं. त्या दिवशी विएराचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, तेरेझा ऐकत नाहीये. म्हणते नाताळाला आज्जीकडेच जायचं. मी म्हटलं तिथे काय आहे, तर म्हणते, कपाळावरचा मध. आज्जीने नाही लावला तर आपल्यालाही काहीतरी होईल, असं तिच्या डोक्यात बसलंय. रात्रीची उठून बसते." मग हळूच, "आई लावतील ना?"

मी म्हटलं, लावेल की. न लावायला काय झालं.

फोन ठेवला आणि आईला सांगितलं. ती खिडकीशी बसली होती, हात एप्रनखाली. पोर येतेय म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला, खोटं नाही सांगत. मग मधाचं सांगितलं.

"तू लाव."

"मी कशी लावू? घरची बाई तू."

"अग्नेशा, त्या पोरीचा बाप माझ्या हातून गेला. मी त्या पोरीला बोट लावणार नाही. वाईट वाटेल तिला, वाटू दे. वाईट वाटून कोणी मरत नाही."

दोन दिवस मी सगळे उपाय केले. गोड बोलले, चिडले, आदळआपट केली. फादर येणार होते त्यांना सांगून बघते म्हटलं, तर म्हणाली, फादरच्या आईचा मुलगा जिवंत आहे. काय बोलणार यापुढे? तेवीसला मी खसखशीच्या गोळ्यांसाठी कणीक मळली. आई बाजूला बसून सूचना देत होती. दूध कमी. आता जास्त. अगं तिला मारू नकोस, मळ. गोळे भाजून निघाले ते दगडासारखे. आईने एक उचलून दातात धरला, काढून बघितला आणि म्हणाली, बरं झालं बापाने तुला पोस्टात चिकटवलं. वर्षात पहिल्यांदा तिने मला टोमणा मारला. मला रडूच आलं, आणि ती समजली गोळ्यांमुळे.

चोवीसला दुपारी साखळीची वेळ झाली. मी वाट बघत होते, आई विचारेल, साखळी कुठाय? तिने विचारलं नाही. मी टेबलावर पांढरं कापड टाकलं, जमिनीपर्यंत. तिने पाच ताटल्या मांडायला सांगितल्या, एक वेंदोची. टेबलाखाली कोणी वाकलं नाही. मी म्हटलं, विसरली असेल. सुटले. आणि लगेच स्वतःची शिसारी आली.

विएरा आणि तेरेझा चारला पोचल्या, विएराच्या भावाने बर्फ काढायच्या ट्रॅक्टरवरून आणून सोडलं. दारात वेंदोचे रबरी बूट होते तिथेच. विएराने त्यांच्या बाजूला आपले बूट काढून ठेवले, जरा अंतर सोडून. आईने तिला विचारलं, जेवतेस ना नीट? ती म्हणाली, हो आई. बस, एवढंच. तेरेझा आज्जीला मिठी मारायला गेली तर आईने गाल पुढे केला आणि हात तसेच एप्रनखाली ठेवले. पोर त्या एप्रनकडे बघत राहिली.

माणसं कमी, म्हणून सगळं आधीच टेबलावर आणून ठेवलं होतं. आंबट कोबीच्या सुपाचं भांडं, बटाट्याचं सॅलड, मासा, पातळ पापड्या, लसूण, मध. या वर्षी न्हाणीघरातल्या टबात नाताळासाठी जिवंत ठेवलेला मासा नव्हता, दुकानातला गोठलेलाच आणला होता. गेल्या वर्षीच्या माशाला तेरेझाने नाव ठेवलं होतं आणि वेंदोला तो मारवेना म्हणून विएराने मारला होता. खिडकीतून तारा दिसायचा प्रश्नच नव्हता, नुसता बर्फ. पाच वाजले तसं आई म्हणाली, वर असेलच तो, बसा.

बसलो. प्रार्थना म्हटली. मग आईने कोपराने मधाची वाटी माझ्याकडे सरकवली.

तेरेझा आज्जीच्या शेजारीच बसली होती. तिने दोन्ही हातांनी कपाळावरचे केस मागे धरले, मान पुढे केली आणि डोळे मिटले. आज्जीकडे तोंड करून. आई समोरच्या भिंतीकडे बघत होती. मी मधात बोट बुडवलं आणि म्हटलं, ये बाळा, आत्या लावते. पोर हलली नाही. केस धरलेले, डोळे मिटलेले. मिनिट झालं असेल. बोटावरून मध ओघळून कापडावर पडला. विएरा हळूच म्हणाली, तेरेझा, सोड आता. पोरीने मान हलवली, नाही. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी केस काही सोडले नाहीत.

तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

"आई, तुझ्या हाताने काही झालं नाही. सफरचंदाने नाही झालं. गेल्या वर्षी टेबलाला साखळीच नव्हती."

विएराने माझ्याकडे पाहिलं. मी थांबले असते तर पुन्हा कधी बोलले नसते, म्हणून भडाभडा सगळं सांगून टाकलं. गाडी रुतली ते, वेंदोने साखळी सोडवली ते, डिकी, त्याने कानात सांगितलं ते. आणि मी काय म्हणाले तेही. राहू दे रे, टेबल काय पळून जाणारेय. म्हटलं, साखळी अजून माझ्या डिकीतच आहे आई, तो जॅक नव्हता. तुला वर्षभर जळू दिलं मी. शिव्या द्यायच्या तर मला दे, पण पोरीला मध लाव.

विएरा म्हणाली, "झाड कुजलेलं होतं ताई. मी जाऊन पाहिलंय ते. आतून पीठ झालं होतं."

आई भिंतीकडेच बघत होती. मग म्हणाली, "जेवताना माझे पाय कुठे असतात गं, अग्नेशा?"

मी खाली लोंबणाऱ्या कापडाकडे पाहिलं.

"प्रार्थना चालू होती तेव्हाच कळलं मला," आई म्हणाली. "पाय ठेवायला गेले तर खाली नुसती फरशी. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. साखळी नव्हती. म्हटलं, यांनीच काहीतरी उद्योग केलाय. तुम्हा दोघांना उठता येत नव्हतं. विएराला नव्हतं, पोरीला नव्हतं. उठायची मुभा एकटीला मला. घरच्या बाईला. मी उठले नाही. गुडघा ठणकत होता. बाहेर बर्फ होता. आणि तुम्ही दोघं हसत होता. किती वर्षांनी मी तुम्हाला तसं हसताना पाहत होते. वाटलं, उठले तर हे हसणं मोडेल. म्हटलं, एक वर्ष, जाऊ दे. तू म्हणालीस राहू दे, मी म्हटलं जाऊ दे. तू तरी बांधलेली होतीस. मी मोकळी होते."

तेरेझाने डोळे उघडले होते.

मी म्हटलं, "आई, विएरा म्हणते ते खरं आहे. झाड कुजलेलं होतं."

"खरंच आहे. मला काय कळत नाही?" आईने एप्रनखालून एक हात काढला आणि माझ्यासमोर धरला. "गाडीची चावी दे."

मी उठायलाच लागले होते. खुर्ची मागे सरकली तसा तिने तोच हात टेबलावर आपटला.

"बस. तू उठायचं नाहीस. एक गेला तेवढा पुरे."

मी बसले. स्वेटरच्या खिशातून चावी काढून दिली. ती टेबलाला धरून उठली, गुडघे सरळ करायला तिला वेळ लागला, आणि दाराकडे गेली. तिथून कोट घालताना तिचं धापा टाकणं ऐकू येत होतं. मग दार उघडलं, गार वारा आत आला, दार लागलं.

खिडकी माझ्या समोरच होती. अंगणातल्या दिव्याच्या उजेडात मला ती दिसत होती. मी संध्याकाळी खोदलेली वाट अर्धी भरून गेली होती. गाडी फाटकाजवळ, वीसेक पावलांवर. आई एक पाय टाकायची, थांबायची, कुंपणाला धरायची, दुसरा टाकायची. मी टेबलाची कड अशी धरून बसले होते की नखं पांढरी झाली. चोपन्न वर्षांची धडधाकट बाई, आणि एक्याऐंशीची म्हातारी माझ्या डोळ्यांसमोर बर्फातून जातेय, आणि मी बसून. उठले असते तर तिचं जाणं फुकट गेलं असतं. एवढं एकच मला त्या क्षणी कळत होतं.

तेरेझा म्हणाली, "आत्या, आज्जी पडली तर?"

विएराने तिचा हात धरला.

डिकीचा दिवा लागला. आई आत वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. साखळी बारा-तेरा किलोची आहे. तिने ती उचलली नाही, ओढून खाली पाडली, आणि टोक धरून मागे ओढत निघाली. बर्फातून साखळीचा आवाज येत नव्हता. पायऱ्यांशी आल्यावर आला. एक एक पायरी, लोखंड दगडावर. मग दार, मग ओसरीची फरशी.

ती आत आली तेव्हा तिच्या डोक्यावर, खांद्यांवर बर्फ होता आणि पायांत वेंदोचे बूट. दारात तेच आधी हाताला लागले असतील. गुडघ्यापर्यंत येत होते तिला. ती काही न बोलता खाली बसली, कापड वर केलं आणि टेबलाखाली शिरली. आम्ही पाय जवळ घेतले. साखळी एका पायाभोवती गेली, दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्याशी ती अडली. आकडा गंजला होता. वेंदो तो एका झटक्यात लावायचा. आईची बोटं घसरत होती, खालून नुसता कड्यांचा आणि तिच्या श्वासाचा आवाज.

"तेरेझा," खालून आवाज आला. "उठू नकोस. बसल्या बसल्या हात खाली कर."

पोरीने हात खाली घातला. तिथे काय झालं ते मला दिसलं नाही. पण तेरेझाचा चेहरा दिसत होता, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आज्जीने तिचा हात धरला. "दाब," आई म्हणाली. "अजून. माझ्या बोटांवर दाब, दुखत नाही मला." कड्याचा आवाज झाला. लागला आकडा.

आई बाहेर आली, खुर्चीला धरून उठली, बसली. हात एप्रनला पुसावेत एवढंही तिला सुचलं नाही. तिने मधाची वाटी पुढे ओढली, बोट बुडवलं, आणि तेरेझाने पुन्हा केस मागे धरले. आईने तिच्या कपाळावर क्रॉस काढला. मग विएराच्या. मग माझ्या. बोट बर्फासारखं गार होतं, आणि मधात गंज मिसळला होता, तिघींच्या कपाळावर तांबडा क्रॉस उमटला. शेवटी तिने वेंदोच्या रिकाम्या ताटलीकडे पाहिलं, बोटावर उरलेला मध त्या ताटलीच्या मधोमध पुसला आणि म्हणाली, सूप वाढा, म्हणजे, थांबा, मीच वाढते.

सूप गार झालं होतं. आम्ही ते तसंच प्यायलो. माझे खसखशीचे गोळे तेरेझाने दुधात बुडवून बुडवून तीन खाल्ले आणि विएरा पहिल्यांदा थोडी हसली.

मी टेबलाखाली पाय पुढे केले. साखळी लागली, अजून गार होती. तिच्यावर आईचे पाय होते, वेंदोच्या बुटांतले. मी माझे पाय त्यांच्या शेजारी ठेवले आणि जेवण संपेपर्यंत हलवले नाहीत.